काढ्याच्या आधीचा एक्स-रे

मंगळवार पेठ, कोल्हापूर
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

चि. संग्राम यास आण्णांचे अनेक आशीर्वाद.

गुरुवारी फोनवर तू दोनदा त्या काढेवाल्याचा नंबर मागितलास आणि दोन्ही वेळा मी 'आई हाक मारतीया' म्हणून फोन ठेवला. आई घरात नव्हतीच, दळण आणायला गेली होती. नंबर माझ्या निळ्या डायरीत आहे, हरवलेला नाही. पण मी तो देणार नाही. का देणार नाही हे फोनवर सांगायला गेलो तर तू म्हणणार, 'आण्णा, मीटिंग आहे, थोडक्यात सांगा.' ह्यात थोडक्यात काही नाही. शिवाय चार वाक्यं सलग बोललो की मला धाप लागते. म्हणून कागद घेतला. अक्षर हललंय, चालवून घे.

कागलच्या पाव्हण्यांचा, सूनबाईच्या वडलांचा, कॅन्सरचा रिपोर्ट कळल्यापासून मला नीट झोप नाही. सूनबाईच्या पोटात काय कालवत असेल ते कळतं मला. तिचं म्हणणं तू सांगितलंस: आण्णांचा कॅन्सर काढ्यानंच गेला होता, त्यांनी काढा सोडला म्हणून परत आला; बाबा सोडणार नाहीत. लेका, हे वाक्य असं बांधलंय की त्यात काढा कधी हरतच नाही. गेला तर काढ्यानं, आला तर काढा सोडल्यानं. तिला दोष देत नाही. हे वाक्य तिनं माझ्याकडूनच ऐकलंय, नाहीतर माझ्याकडून ऐकलेल्या कुणाकडून.

तर पहिल्यापासून सांगतो. यातलं निम्मं तुला माहीत आहे.

२०२२ च्या आषाढात खोकला धरला. बिडी सोडून आठ वर्षं झाली होती, त्यामुळे मला वाटलं पावसाळी आहे. गल्लीतल्या डॉक्टरनं तीन आठवडे गोळ्या दिल्या. मग एके दिवशी थुंकीत लाल धागा दिसला. टीबी म्हणून बेडका तपासला, तो निल. एक्स-रेत उजव्या बाजूला वर डाग. सीटी स्कॅनमध्ये ४.१ सेंटीमीटरची गाठ, आणि छातीच्या मधल्या भागातल्या ग्रंथीही सुजलेल्या. गणपती विसर्जन झालं आणि १२ सप्टेंबरला सुई घालून तुकडा काढला. ॲडिनोकार्सिनोमा, म्हणजे फुप्फुसाच्या कॅन्सरचीच एक जात. तू रात्रीची गाडी पकडून आलास, पहाटे स्टँडवर चहा प्यायलो आपण, आणि दोघंही शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या मिसळीकडं बघत बसलो होतो, आठवतं? बोलायचं काय हेच कळत नव्हतं.

मला तेव्हा 'का' हा प्रश्न पडला नव्हता. बत्तीस वर्षं उद्यमनगरात आणि नंतर शिरोलीत फौंड्रीत काढली. बॉक्समध्ये वाळू भरायची, ठोकायची, पॅटर्न अलगद काढायचा, वितळलेल्या लोखंडाचं लेडल आलं की ओतायचं, आणि थंड झाल्यावर साचा फोडायचा. साचा फोडताना जो काळा धुरळा उडतो त्यातच आम्ही डबा खाल्लाय. मालकानं मास्क आणले होते, ते कपाटात होते, कपाटाची चावी सुपरवायझरकडं होती. आपला ओंकार (ताईचा पोरगा आता मिरजेला डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे) सांगत होता, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं लोखंड-पोलादाच्या ओतकामाचा धंदाच पहिल्या गटात घातलाय. पहिला गट म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे सिद्ध झालेला. त्या गटात सिगारेट-बिडीचा धूर आहे, वाळूतल्या सिलिकाची धूळ आहे आणि आमचा धंदाही. म्हणजे मी एकाच वेळी तिन्ही खात्यांत जमा करत होतो.

सुई घातल्यानंतर तिसऱ्या दिवशी ताप चढला. ही गोष्ट सगळे विसरले. मीसुद्धा. १०३, १०४, दात वाजायचे, आई तीन रग घालायची. छातीत जंतुसंसर्ग झाला म्हणून ॲडमिट केलं, अकरा दिवस सलाईनमधून अँटिबायोटिक. घट बसल्यावर, २८ सप्टेंबरला घरी सोडलं तेव्हा माझं वजन सात किलोनं उतरलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, ह्या अंगाला केमो झेपणार नाही. दिवाळी होऊ दे, ताकद येऊ दे, मग नवीन स्कॅन काढू आणि केमो सुरू करू. गाठ आवळली की ऑपरेशन.

भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी, २७ ऑक्टोबरला, तुझा चुलता मला त्या काढेवाल्याकडं घेऊन गेला. माणूस वाईट नव्हता. पैसेही फार घेतले नाहीत. काढ्यात काय होतं ते त्यानं सांगितलं नाही; कडूजार, वास गोठ्यासारखा. आईनं कॅलेंडरवर त्या चौकोनात पेन्सिलीनं 'का' लिहिलं.

स्कॅन ८ नोव्हेंबरला ठरला होता. त्या दिवशी चंद्रग्रहण, म्हणून आईनं एक दिवस पुढं ढकलायला लावला. ९ तारखेला स्कॅन, १० ला रिपोर्ट. आई अंबाबाईच्या किरणोत्सवाला गेली होती, मी एकटाच गेलो. गाठ १.४ सेंटीमीटर. ग्रंथी जवळजवळ पहिल्यासारख्या. डॉक्टर बाईंनी आधी पाकिटावरचं नाव तपासलं, मग माझं आधार कार्ड मागितलं. मग विचारलं, 'मध्ये कुठं केमो घेतलीत का? खरं सांगा.' त्यांना वाटलं रिपोर्टची अदलाबदल झाली. तुकड्याच्या काचा मुंबईला परळला दुसऱ्यांदा तपासायला पाठवल्या. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: तोच कॅन्सर. निदान चुकलं नव्हतं.

तेव्हा बाई काय म्हणाल्या ते मी तुम्हाला अर्धंच सांगितलं. घरी येऊन मी म्हणालो, 'डॉक्टर म्हणतात चमत्कार आहे.' त्या तसं म्हणाल्याच नव्हत्या. त्या म्हणाल्या होत्या, 'याला स्पाँटेनियस रिग्रेशन म्हणतात. औषधाशिवाय आपणहून मागं हटणं. फार क्वचित होतं, फुप्फुसात तर फारच क्वचित. आणि मागं हटणं म्हणजे बरं होणं नव्हे.' हे शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. मी एकदाही घरी आणलं नाही.

त्यांनी हेही सांगितलं होतं की ४.१ मधली सगळीच गाठ कॅन्सरची असेल असं नाही. गाठीनं श्वासनळी दाबली की पुढचं फुप्फुस आक्रसतं, सुजतं, आणि ते सावलीत धरलं जातं. ग्रंथींचंही तसंच. पण तेवढ्यानं सगळा हिशेब बसत नाही, खरोखरच गाठ कमी झालीये, असं त्यांचं मत पडलं. कशानं, ते त्यांनी ठामपणे सांगितलं नाही. ताप असेल, सुईची जखम असेल. काहीतरी झालं आणि अंगातली झोपलेली फौज जागी झाली.

ओंकारनं मला नंतर बरंच वाचून दाखवलं. शिकागोच्या एव्हरसन आणि कोल या दोन सर्जननी १९०० पासूनचे जगभरचे पेशंट शोधून, गाळून, १९६६ साली पुस्तक केलं. त्यात बसली फक्त १७६ माणसं. त्यातही निम्म्याहून जास्त चारच जातींचे कॅन्सर: मूत्रपिंडाचा, लहान पोरांच्या मज्जातंतूंच्या पेशींचा, कातडीवरच्या काळ्या तिळाचा आणि वारेच्या पेशींचा. साठ हजार ते एक लाख कॅन्सरमागं एखादा असा मागं हटतो, असा अंदाज सांगतात. आणि त्या दोघांनीही व्याख्येतच लिहून ठेवलंय, की हटला म्हणजे बरा झाला असं धरायचं नाही. आमच्या बाईंनी तेच सांगितलं होतं, साठएक वर्षांनी.

त्याच्याही आधीची एक गोष्ट मला फार आवडली. न्यूयॉर्कमध्ये विल्यम कोली नावाचा सर्जन होता. जुने केसपेपर चाळताना त्याला एक माणूस सापडला. मानेवर गाठ, ऑपरेशन करूनही पुन्हा येणारी. मग त्याला धावरं झालं, कातडी लालभडक, सणकून ताप, आणि गाठ विरघळली. कोली त्या माणसाला शोधत गरीब वस्तीत दारोदार फिरला. सापडला की! कित्येक वर्षांनी धडधाकट. मग १८९१ पासून कोलीनं मुद्दाम रोग्यांना ते जंतू टोचायला सुरुवात केली. काहींच्या गाठी गेल्या, काही जंतूंनीच मेले. पुढं रेडिएशन आलं आणि कोली मागं पडला. पण शरीराचीच फौज उठवायची ही कल्पना मेली नाही. २०१८ चं नोबेल ॲलिसन आणि होंजो यांना मिळालं ते त्याच रस्त्यावरचं. फौजेला ब्रेक असतात, कॅन्सर ते ब्रेक दाबून ठेवतो, ते सोडवायचे. मला तीन आठवड्यांनी जी सलाईन लागते आणि जिच्यासाठी तू कर्ज काढलंस, ती ह्याच जातीची.

आता गंमत बघ. मी बरा झालो म्हणताना आई म्हणाली जोतिबाचा नवस. चुलता म्हणाला काढा. आत्या म्हणाली तिनं पाठवलेली विभूती. मी चारचौघांत म्हणायचो, रोज पहाटे रंकाळ्याला फेरी मारतो ना, त्यानं. सगळ्यांनी मानाचा फेटा बांधून घेतला. अकरा दिवस मला जाळणाऱ्या तापाचं नाव कुणी घेतलं नाही. आणि काढ्याची गोष्ट सांगायला सोपी होती. नवस प्रत्येकाचा वेगळा असतो, काढा कुणालाही नेता येतो. म्हणून गल्लीत काढाच टिकला.

बाईंनी सांगितलं होतं, उरलेला भाग काढून टाकू, नाहीतर दर तीन-चार महिन्यांनी स्कॅन. मी ऑपरेशन नाकारलं. फेब्रुवारी २०२३ ला स्कॅनमध्ये ९ मिलिमीटर. जूनमध्ये नुसती रेघ, व्रणासारखी. पुढचा स्कॅन ऑक्टोबरला होता. त्याआधी गणपतीत मंडळानं माझा सत्कार केला. शाल, नारळ, माइकवरून 'कॅन्सरवर मात करणारे आपले आण्णा'. तू त्याचा फोटो काढून भावकीच्या ग्रुपवर टाकलास, खाली दोन रिपोर्ट शेजारी शेजारी. संग्राम, त्या शालीनंतर मी स्कॅनला गेलो नाही. तुला सांगितलं मशीन बंद होतं. मशीन चालू होतं. पण शाल पांघरलेला माणूस परत त्या नळीत झोपायला जाईल का? लोक पाया पडत होते माझ्या.

जानेवारी २०२४ ला काढाही सोडला. कंटाळा आला, बाकी काही नाही.

फेब्रुवारीत दिनूकाका रंकाळ्यावर भेटला. संध्यामठाच्या बाजूला कट्ट्यावर बसला होता, माझीच वाट बघत. तो आमच्याच फौंड्रीत फेटलिंगला होता, ओतलेला माल ग्राइंडरवर घासायला. आमच्यापेक्षा धूळ त्यानं जास्त खाल्ली. त्याला डाव्या फुप्फुसात गाठ निघाली होती, लहान, ऑपरेशन होईल म्हणून सांगितलं होतं. मला म्हणाला, 'तुझं बघून धीर आला. मला तो नंबर दे.' मी तिथंच दिला. नुसता दिला नाही, फोन लावून दिला. वर म्हणालो, 'कापाकापी कशाला करतोस ह्या वयात?' हे माझे शब्द आहेत.

आता जे कुणालाच माहीत नाही ते.

मे महिन्यात लाइट बिलाची जुनी पावती शोधताना कपाटात दवाखान्याची पिशवी निघाली. त्यात एक खाकी पाकीट, चिकटवलेलं, कधी न उघडलेलं. डिस्चार्जच्या वेळी दिलेलं असणार. आत एक्स-रे, आणि टाचणीनं लावलेला चिठ्ठीएवढा रिपोर्ट. तारीख २७ सप्टेंबर २०२२. मला इंग्रजी जेमतेम येतं, पण 'आधीच्या फिल्मशी तुलना करता उजव्या वरच्या भागातली सावली लक्षणीय कमी' एवढं कळण्याइतकं येतं. मी फिल्म खिडकीशी धरली. खाली पोरं क्रिकेट खेळत होती, त्यांचा चेंडू माझ्या फासळ्यांमधून इकडून तिकडं जाताना दिसत होता. डाग होता, पण केवढासा.

२७ सप्टेंबर. मी कॅलेंडर काढलं. पेन्सिलीचा 'का' २७ ऑक्टोबरला. बरोबर एक महिना. काढ्याचा पहिला घोट घशाखाली जायच्या आधीच गाठ ओसरायला लागली होती.

मी ते परत पाकिटात घातलं, पाकीट पिशवीत, पिशवी कपाटात.

दिनूला काढा सुरू करून तेव्हा तीन महिने झाले होते. रोज फिरायला भेटायचा. त्याचं ऑपरेशन तेव्हा कदाचित होण्याजोगं होतं. मला एवढंच म्हणायचं होतं, 'दिन्या, माझं काढ्यानं गेलं नव्हतं, तू जा बाबा डॉक्टरकडं.' पंधरा सेकंदांचं काम. रोज ठरवायचो, आणि रोज तो म्हणायचा, 'आण्णा, तुझ्यामुळं वाचलो बघ.' त्यापुढं माझं तोंड उघडायचं नाही. त्याला वाईट वाटेल म्हणून गप्प बसलो असं मी मनाला सांगत होतो. खरं ते नव्हतं. मला शाल परत करायची नव्हती.

सप्टेंबरात त्याला जिना चढवेना. फुप्फुसाभोवती पाणी. त्यानंतरचं तुला माहीत आहे. ह्या आषाढीच्या आदल्या आठवड्यात गेला. पंचगंगेवर तू माझ्या शेजारी उभा होतास, मला रडू आवरेना म्हणून तू खांद्यावर हात ठेवलास. जुना दोस्त गेला म्हणून रडतायत, असं तुला वाटलं असेल.

माझी कंबर धरली ती २०२४ च्या ऑक्टोबरात. बत्तीस वर्षं बॉक्स उचललेल्या माणसाची कंबर, कुणाला शंका येणार? तेल चोळलं, शेक घेतला, एकानं मणका सरकलाय म्हणून पट्टा दिला. डिसेंबरात रात्री कुशीवर वळता येईना तेव्हा एमआरआय काढला, मग पेट स्कॅन, ज्यात जिवंत कॅन्सर चमकतो. कमरेच्या मणक्यात, डाव्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत, आणि मेंदूत दोन बारीक ठिपके. आणि सगळ्यात चक्रावणारं म्हणजे फुप्फुसात काही नाही! तिथं नुसती रेघ, ती चमकलीसुद्धा नाही. मूळ जागा स्वच्छ आणि बाकी घरभर वाळवी. मणक्याचा तुकडा तपासला. तोच जुना पाहुणा.

मी बाईंना विचारलं, तिथं नाही तर आला कुठनं? त्या म्हणाल्या, छातीतली गाठ आवळायच्या आधीच काही पेशी रक्तातून बाहेर पडलेल्या असणार. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या ठरलेल्या जागा आहेत: हाडं, मेंदू, यकृत, मूत्रपिंडावरच्या ग्रंथी. तिथं जाऊन त्या गप पडून राहतात. फौज त्यांना वाढू देत नाही, पण संपवूही शकत नाही. वर्ष, दोन वर्षं असंच. मधल्या काळात ज्या पेशी फौजेला ओळखू येतात त्या मरतात, ज्या वेष बदलायला शिकतात त्या उरतात, आणि एक दिवस त्याच माजतात. मी म्हणालो, म्हणजे खासबागेतल्या कुस्तीसारखं. गडी पालथा पडला की गावाकडचे टाळ्या वाजवतात, पण पालथा म्हणजे हरलेला नव्हे. पाठ लागली तर चीत. माझा नुसता पालथा होता आणि मी फेटा उडवून मोकळा झालो. बाई हसल्या. म्हणाल्या, 'स्कॅनला आला असता तर तो उठतोय हे आधी दिसलं असतं.' तेवढंच म्हणाल्या, रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मेंदूच्या रेडिएशनला डोकं हलू नये म्हणून मुखवटा करतात. प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात बुडवतात, मऊ झाली की तोंडावर दाबून बसवतात, दहा-पंधरा मिनिटांत ती कडक होते. नाक, कपाळ, हनुवटी, सगळं हुबेहूब. मी त्या पोराला आतून म्हणालो, 'अरे, कडेला नीट दाब, नाहीतर साचा हलेल.' त्याला काही कळलं नाही. आयुष्यभर दुसऱ्याचे साचे काढले, शेवटी माझ्याच थोबाडाचा निघाला. तो मुखवटा मी मागून घरी आणलाय, माळ्यावर आहे. आईला आवडत नाही.

फेब्रुवारीपासून ही सलाईन. सप्टेंबरच्या स्कॅनमध्ये ठिपके लहान झालेत, नवीन काही नाही. थायरॉइड बिघडलं, सकाळी उपाशीपोटी एक गोळी लागते. उठवलेली फौज कधी कधी घरच्यांवरही हात टाकते, त्यातलंच ते. ह्या खेपेला मी कुणाला बरा झालो म्हणत नाही. दबलाय, एवढंच म्हणतो, आणि तारखेला जातो.

तर पाव्हण्यांचं. त्यांची गाठ लहान आहे, पसरलेली नाही, सर्जन ऑपरेशन करायला तयार आहे, असं तू म्हणालास. दिनूचं हेच होतं, शब्दाला शब्द. म्हणून नंबर नाही.

शुक्रवारी मी सकाळच्या एसटीनं कागलला जातोय. आईला घेत नाही. बरोबर तीन गोष्टी नेणार: ते खाकी पाकीट, २०२२ चं कॅलेंडर आणि पेट स्कॅनची फिल्म. पाव्हण्यांना खिडकीशी बसवून तारखा दाखवणार, आणि दिनूचं सांगणार, मी काय बोललो आणि काय बोललो नाही ते सगळं. त्यानंतरही त्यांनी काढा घ्यायचा म्हटलं तर त्यांची मर्जी; ऑपरेशन करून वर घेईनात का, पण सर्जनच्या कानावर घालून. तू गुरुवारी रात्री निघू शकलास तर बरं होईल. जमत नसेल तर मी एकटा जातो. पण सूनबाईला हे पत्र आधी वाचायला दे. माझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकताना तिचा चेहरा बघायची माझ्यात ताकद नाही. ती रागावेल. रागवू दे.

आणि भावकीच्या ग्रुपवर ते दोन रिपोर्ट तू टाकले होतेस ना, त्याच्या खाली हा २७ सप्टेंबरचा एक्स-रे टाक. फोटो ओंकारकडून पाठवतो. शब्द तुला सुचतील ते लिही, फक्त 'काढ्याच्या एक महिना आधी' हे त्यात पाहिजे. दिनूची पोरं त्या ग्रुपवर नाहीत, मला माहीत आहे. त्यांच्याकडं मी स्वतः जाणार आहे, कागलहून आल्यावर. अजून ठरत नाही कसं सुरू करायचं ते.

डायरीतलं ते पान फाडून टाकावं असं काल वाटलं, कात्री घेऊन बसलोही होतो. पण त्याच पानाच्या मागं दिनूचा नंबर आहे, त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलेला, नावापुढं फौंड्रीतला टोकन नंबर घातलेला. राहू दिलं.

तब्येतीला जप. रात्रपाळी असली की जेवण टाळू नकोस.

तुझा,
आण्णा

ता. क. आईला हे दाखवलेलं नाही. तिचा नवस चैत्रातच फेडून झालाय, गुलाल अजून देव्हाऱ्यात पुडीत आहे. तिच्याशी ह्यातलं काही बोलू नकोस.